भोंगा बंद होता ते आठ दिवस

भोंगा बंद करायची सूचना माझी होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी डॉक्टरला, सरकारला आणि आक्काच्या सासऱ्याला जे काही बोलणार आहे, ते वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

मी तेवीस वर्षांचा आहे. दुष्काळ सरून दोन वर्षं झालीत. सांगलीत एका छापखान्यात खिळे जुळवतो आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहितो. खिळे जुळवणारा माणूस पत्रक लिहितो तेव्हा शब्द वाचवतो, कारण प्रत्येक अक्षर त्याला हातानं उचलायचं असतं. माझी वाक्यं त्यामुळं कोयत्यानं तोडल्यासारखी येतात आणि लोकांना ती आवडतात. रहिमतपूरच्या पलीकडं एक साखर कारखाना आहे. तिथले हंगामी कामगार आम्हाला कायम करा म्हणून तीन वर्षं अर्ज देत होते आणि अर्ज कुठं जातात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची पत्रकं मी लिहायचो. रविवारी पॅसेंजरनं यायचो, सभा करायचो आणि आक्काकडं जेवून परत जायचो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर कारखान्यापासून दीड मैलावर. ऊस, दोन विहिरी, चार जनावरं. दाजी फौजेत, वर्षातून एकदा येणार. सासू वारलेली. घरात सासरा, आक्का आणि तिची एकुलती पोरगी.

भाची नऊ वर्षांची. अंगानं धडधाकट, केस दाट. समोरच्याच्या तोंडाकडं कधी बघायची नाही, पण सदऱ्याचं एक बटण बदललेलं असलं तर तिथंच बोट ठेवून उभी राहायची. बोलायची, पण आपल्याशी नाही. एसटीचा कंडक्टर ओरडतो तशी गावं म्हणायची. "रहिमतपूर, कोरेगाव, सातारा." खुशीत असली की सावकाश, घाबरली की भरभर, श्वास न घेता. हाक मारली तर मान वळायची नाही, म्हणून गाव तिला बहिरी म्हणायचं. पण परड्यात पेंडीचं पोतं उघडलं की त्या सुतळीच्या आवाजानं ती माजघरातून पळत यायची. मग गाव तिला खुळी म्हणायला लागलं. गावाला एक नाव काढून घेतलं की दुसरं लागतंच.

आक्काला तिच्याबद्दल एकच गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे कारखान्याचा भोंगा. विजेचा भोंगा. हंगाम असो नसो, टाइम ऑफिसातून बारा महिने वाजायचा. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि परत आठ. दोन वर्षांची असताना पोरगी काही केल्या खायची नाही, आणि एकदा आठचा भोंगा झाला तेव्हा योगायोगानं समोर ताटली होती, तर खाल्लं. आक्कानं ते हेरलं. दुसऱ्या दिवशी भोंग्याची वाट बघत बसली. मग खाणं भोंग्याला बांधलं. खाणं बांधून झाल्यावर आंघोळ. पाचचा भोंगा झाला की पोरगी आपण होऊन न्हाणीत जाऊन उभी राहायची. बाराच्या भोंग्याला कालवडीला पाणी दाखवायचं. रात्री आठला जेवून वाकळेत शिरायचं. ताटलीसुद्धा ठरलेली होती, जर्मनच्या पत्र्याची, काठाला चेपलेली. त्या चेपलेल्या जागेवर तिचा अंगठा बसायचा.

"शाळा हाय तिची ती," आक्का म्हणायची. "एकएक काम त्या भोंग्याला बांधायला मला आठ-आठ म्हयनं लागलं. पर मास्तर चांगला हाय. कवा रजेवर जात न्हाई."

मी हसायचो. मला तो भाबडेपणा वाटायचा. तेवीस वर्षांच्या माणसाला पत्रकात मावत नाही ती प्रत्येक गोष्ट भाबडी वाटते.

मी माझ्या परीनं खटपट केली नाही असं नाही. दोघींना सांगलीला आणून मुलांच्या डॉक्टरकडं नेलं. भल्या मोठ्या टेबलामागं बसलेला, स्वच्छ माणूस. पाऊण तास आम्ही बाकावर बसलो आणि त्यानं पाच मिनिटं बघितलं. भाची खिडकीच्या गजावरून बोट फिरवत गावं म्हणत होती. डॉक्टरनं आक्काला विचारलं, "मुलीला जवळ घेता का?"

"ती येऊ देती तवा घेते."

"तसं नाही. मनापासून?"

आक्का माझ्याकडं बघायला लागली. डॉक्टर मग माझ्याशीच बोलला. आईची माया कोरडी असली की मूल आतल्या आत मिटतं, परदेशातल्या पुस्तकांत असंच दिलंय. औषध नाही. एका चिठ्ठीवर त्यानं इंग्रजीत एक शब्द लिहिला आणि वाचून दाखवला. ऑटिझम. मी विचारलं, याला मराठीत काय म्हणतात. तो म्हणाला, "मराठीत अजून काही म्हणत नाहीत."

रस्त्यावर आल्यावर आक्कानं विचारलं, "कोरडी म्हंजी काय रं?"

मी म्हणालो, "डॉक्टर खुळा आहे."

"न्हाई, पर कोरडी म्हंजी?" ती परत म्हणाली. सात वर्षं भोंग्याच्या आधी चूल पेटवून बसलेली बाई. त्या डॉक्टरला कुणी कधी विचारलं नसेल, तुमची माया किती वाजता सुरू होते.

तो शब्द घेऊन मी फिरलो. मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत म्हणाले, हिला ऐकू येतं, घेता येणार नाही. शिक्षण खात्याला कार्ड टाकलं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं की सदर मूल कोणत्या वर्गवारीत येते ते कळवावे. मी तो इंग्रजी शब्द कळवला. परत कार्ड आलं, अशी वर्गवारी नाही. म्हणजे पोरगी होती, वर्गवारी नव्हती, आणि खात्याच्या लेखी नव्हती ती पोरगीच.

शेवटी एका बाईंचा पत्ता लागला. मास्तरकीतून निवृत्त झालेल्या, सांगलीत दोन खोल्यांत मंदबुद्धीच्या मुलांचा वर्ग चालवायच्या. बारा मुलं, एक मदतनीस, आणि एक जागा रिकामी होणार होती. मी चिठ्ठी दाखवली तर म्हणाल्या, "शब्द राहू दे बाजूला. मी मूल त्याच्या घरी जाऊन बघते. घरात ते काय काय आपण होऊन करतं ते बघितल्याशिवाय मी घेत नाही." मला वाटलं, जिंकलो. घरात भाची काय काय करते ते मला ठाऊक होतं. ताटली घेते, कालवडीला पाणी दाखवते, न्हाणीत जाते. बाईंना सोमवार सोयीचा होता. सोमवार ठरला.

हा सोमवार का लागून राहिला होता ते सांगतो. आक्काच्या सासऱ्यानं निर्णय घेतला होता. घाटाखाली एका ट्रस्टनं चालवलेलं वेड्यांचं घर होतं, संक्रांत झाली की पोरीला तिथं ठेवायची. माणूस दुष्ट नव्हता. उसाची कांडी सोलून, बोटाएवढे तुकडे करून नातीपुढं ठेवायचा, कारण मोठा तुकडा ती घ्यायची नाही. पण म्हणायचा, "पावणं, आता नऊ वर्साची हाय. तीन वर्सानं शाणी हुईल. मग कोन राखनार? मी मेल्यावर, हिची आई मेल्यावर?" तो पुढं म्हणाला, "तुमच्या त्या बाईनी घेतली तर घेऊ द्या. न्हाई घेतली तर मला आडवायचं न्हाई."

मी शब्द दिला.

शनिवारी संप सुरू झाला.

समितीत चर्चा झाली तेव्हा सुरुवात कशी करायची हा प्रश्न होता. गेटवर बसणं, घोषणा, हे सगळे करतात. मी म्हणालो, भोंगा बंद करायचा. दहा-बारा गावं त्या भोंग्यावर घड्याळ लावतात. तो वाजला नाही की न सांगता कळेल. कालपर्यंत आम्ही भोंग्यावर चालत होतो, आजपासून भोंगा आमच्यावर चालेल. हेच वाक्य पत्रकावर टाकलं, सर्वांत मोठ्या खिळ्यांत. टाइमकीपर आमच्यात होता. त्यानं फ्यूज काढून खिशात घातला. शनिवारी सकाळी आठ वाजले आणि काहीच वाजलं नाही. गेटवर आम्ही सहाशे माणसं उभी होतो आणि ती शांतता ऐकत होतो. माझ्या एका वाक्यानं आठ वाजायचे थांबले होते.

आक्काचं घर दीड मैलावर आहे हे मला ठाऊक होतं. सोमवारही ठाऊक होता. दोन्ही गोष्टी डोक्यात होत्या, पण शेजारी शेजारी नव्हत्या. यापेक्षा जास्त सफाई माझ्याकडं नाही.

दुपारी गावचा दूधवाला सायकल घेऊन गेटवर आला. म्हणाला, "तुमच्या भनीनं सांगितलंय, भोंगा वाजंना, पोरगी जेवंना."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. "तिला म्हणावं, भोंगा आता मामाच्या हातात आहे," मी म्हणालो. लोकांना ते आवडलं. दूधवाल्यानं ते तसंच्या तसं जाऊन सांगितलं.

रविवारी गेलो. आक्का उंबऱ्यात बसली होती. आत माजघरात भाची चेपलेली ताटली मांडीवर घेऊन कारखान्याच्या दिशेला तोंड करून बसली होती. ताटलीत भाकरी कालचीच होती, वाळून वर उचललेली. शनिवारी सकाळपासून ती आठ वाजायची वाट बघत होती. आठ वाजले नाहीत म्हणून बारा वाजले नव्हते, पाच वाजले नव्हते. मनगटावर दातांचे वण, कपाळ सुजलेलं. गावं म्हणत होती, इतकी भरभर की एकाच गावाचं नाव असावं.

"गुळाचं पानी दिलं, डोळा लागल्यावर चमच्यानं," आक्का म्हणाली. "तेवडंच. वाजव रं. एकदा वाजव. बाकीचं मी बघते."

मी तिला संप समजावून सांगायला लागलो. अजून मला लाज वाटते. हंगामी कामगार म्हणजे काय, कायम करणं म्हणजे काय. तिनं ऐकून घेतलं.

"तू बंद केलास न्हवं?"

"समितीनं."

"कागदावर तुझं बोलनं हाय. मला वाचून दाखवलं मामंजींनी."

सासरा परड्यातून आला. वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हता. "पावणं, सकाळी हापशाच्या दांड्यावर डोकं आपटत हुती. दावं लावू का?" त्यानं मला खरंच विचारलं. जनावराचं दावं पोरीला लावू का, असं. निघताना पाहिलं, आक्का लुगड्याची चिंधी पिळत होती, दाव्यानं कातडी सोलते म्हणून.

संध्याकाळी समिती बसली मारुतीच्या देवळात. मी विषय काढला. एक वेळचा भोंगा, फक्त सोमवारी, फक्त आठचा. सगळं सांगितलं, बाई, रिकामी जागा, घाटाखालचं घर. मग एक जण म्हणाला, "मामा, भोंगा तर तुझ्या हातात हाय म्हनत हुतास."

म्हातारा फिटर आमच्यात सर्वांत वडील. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "पोरा, उद्या भोंगा वाजला तर काय हुईल? पार अपशिंग्यापातूरच्या गावची मानसं समजतील संप फुटला. डबं घिऊन येतील. मालक गेट उघडंल. तूच लिवलंस न्हवं, भोंगा म्हंजी कारखाना?"

"लिहिलं."

"मग?"

दुसऱ्यानं विचारलं, "लाउडस्पीकरवर सांगितलं तर? उद्याचा भोंगा खोटा म्हनून?"

"दहा गावांत सांगनार कोन? आन ज्याला कळनार न्हाई तो यीलच."

बरोबर होतं. त्यात खोट काढायला मी अजून झगडतो आहे, सापडत नाही. सहाशे घरं त्या शांततेवर उभी होती. फिटरनं हात वर करायला सांगितले, भोंगा बंदच ठेवायचा असं ज्यांना वाटतं त्यांनी. सर्वांत आधी त्याचाच हात गेला. मग एकेक. माझाही. कुणी जबरदस्ती केली नाही. मी माझ्या वाक्याला मत दिलं.

सोमवारी सकाळी मी दुसरी अक्कल लढवली. एका ट्रकवाल्याला आणून आठ वाजता आक्काच्या दारात हॉर्न वाजवायला लावला. लांबलचक. भाचीनं कान दाबले आणि किंचाळली. सासरा म्हणाला, "आता ब्यांडबी आना."

बाई साडेनऊच्या एसटीनं उतरल्या. पांढरं नऊवार, हातात कापडी पिशवी, पिशवीत रंगीत मणी. भाची गोठ्यात होती, कमरेला चिंधी, चिंधीला दावं, दाव्याचं दुसरं टोक आक्काच्या मनगटाला. खुंट्याला बांधू द्यायला आक्का तयार झाली नव्हती. बाई तिथंच शेणावर बसल्या. मणी पुढं केले, थांबल्या, हाक मारली नाही, अंगाला हात लावला नाही. चांगलं काम जाणणारी बाई होती, हे त्या वेळीही कळत होतं आणि त्यानं जास्त वाईट वाटत होतं. तासभर बसल्या. भाचीनं डोकं गव्हाणीवर आपटलं, हात चावला, एकदा बाईंचाही चावला.

"ही आपण होऊन काय करते?" बाईंनी विचारलं.

"समदं करती," आक्का म्हणाली. "जेवती, पानी दावती, न्हाती. भोंगा वाजला की. ह्या मामानं बंद पाडलाय तो. आठ दिसांनी या बाई. मी पाया पडते, भोंगा वाजल्यावर या."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "माझा विश्वास आहे. पण उद्या आमच्या मंडळाची बैठक आहे, आणि जागा एक. अजून दोघांची नावं आहेत. मी डोळ्यांनी काय बघितलं ते मला सांगावं लागेल." मग जरा वेळानं, "मी एकटी आहे. एक मदतनीस. ही धावली तर बाकी अकरांकडं कोण बघेल? जूनमध्ये परत अर्ज करा."

जून. जिल्ह्यात दुसरा वर्ग नव्हता, शेजारच्या जिल्ह्यात नव्हता. पत्रकात मी लिहिलं असतं की दोन खोल्या आणि एका थकलेल्या बाईवर दोन जिल्ह्यांतली सगळी अशी मुलं टाकून सरकार झोपलंय. खरंच आहे ते. पण सोमवारी ते वाक्य माझ्या तोंडात येईना, कारण त्या एका दारासमोर खड्डा मी खणला होता.

सासऱ्यानं सगळं ऐकलं होतं. मला एवढंच म्हणाला, "शब्द दिलाय पावणं."

संक्रांत झाली. गुरुवारी घाटाखाली गेलो. सासरा, आक्का, भाची आणि मी. ट्रकच्या केबिनमध्ये, मग एसटीनं. भाची आक्काच्या मांडीवर आडवी. इतकी हलकी झाली होती की आक्काचा पायही अवघडला नाही. घाटाखालचं ते घर एका आंब्याच्या बागेत होतं. बाहेरून चुना लावलेला, छान. कचेरीत कारकुनानं फॉर्म पुढं केला आणि लिहायची सवय असलेला मीच होतो. नाव, वय, गाव. वेड कधीपासून. हिंसक आहे काय. मी खिळ्यासारखं एकेक अक्षर लिहिलं. 'सवयी' असा एक रकाना होता, अर्ध्या ओळीचा. मी त्यात बारीक अक्षरांत लिहिलं, आठ, बारा, पाच, आठ. खाली अंगठ्याची जागा होती, आईच्या.

आक्का अंगठ्याला शाई लावून बसली होती. तिनं तिथल्या वॉर्डच्या बाईला विचारलं, "हितं भोंगा हुतो का वो?"

"कसला भोंगा?"

"मग घंटा? जेवायची?"

"घंटा न्हाई. गाडा आला की जेवान."

"गाडा कवा येतो?"

"कवा धाला, कवा दोनला. सयपाक झाला की."

"रोज येगळा?"

वॉर्डची बाई थकलेली होती, वाईट बोलायचं म्हणून बोलली नाही. "हितं कुनाला येळ कळतीय, ताई."

आक्कानं अंगठा लुगड्याला पुसला. शाईचा डाग अजून त्या लुगड्यावर आहे. उठली, पोरीला खांद्यावर घेतलं. "मग हितं न्हाई जमायचं तिला," म्हणाली, जसं दुकानात माप बसत नाही म्हणावं तसं.

सासरा बाहेर झाडाखाली उभा होता. "माज्या दारात आनू नगंस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मला हुईना आता. मी म्हातारा झालो."

"न्हाई आनत, मामंजी."

दोन दिवस त्या दोघी सांगलीत माझ्या खोलीवर होत्या. भाची भिंतीकडं तोंड करून पडून. खालच्या बिऱ्हाडकरूनं विचारलं, पेशंट आहे का. मी हो म्हणालो, कारण दुसरा शब्द मराठीत नव्हता. आक्का माझ्याशी बोलली नाही. रागावून नाही. तिचं सगळं लक्ष त्या पाठीच्या वरखाली होण्याकडं होतं.

शनिवारी निरोप आला की मिटलं. कायम करण्याचा विचार करू, असं लेखी आश्वासन. 'विचार करू' म्हणजे काय ते पत्रकवाल्याला शिकवायला नको, तरी मी नाचलो असतो. दोघींना घेऊन पहिली गाडी धरली. दुसरीकडं जायला जागा नव्हती म्हणून फिटरच्या ओसरीवर नेलं. पाच वाजले आणि भोंगा झाला.

भाचीचे डोळे उघडले. ती उठून बसली. न्हाणी शोधायला लागली. फिटरच्या बायकोनं पाणी तापवलंच होतं. आंघोळ झाली. मग आक्काच्या ध्यानात आलं, ताटली सासरी राहिली. फिटरच्या बायकोनं घरातल्या सगळ्या ताटल्या आणून मांडल्या. भाची एकेकीच्या काठावर अंगठा ठेवायची आणि सोडून द्यायची. फिटर पायताण घालून निघाला. दीड मैल जाऊन, दीड मैल येऊन, आठच्या आत ती चेपलेली ताटली घेऊन आला. समितीत सर्वांत आधी हात वर केलेला माणूस. आठचा भोंगा झाला आणि भाची जेवली. अर्धी भाकरी. आक्का त्या वेळी पहिल्यांदा रडली.

आता दोघी कारखान्याच्या मागं ऊसतोडणाऱ्यांच्या कोप्यांत राहतात. मुकादमाला फिटरनं सांगून एक कोपी मिळवून दिली. दोन विहिरींच्या घरातली सून पाचटाच्या कोपीत राहते आणि तोडणारणींच्या बरोबरीनं मोळ्या बांधते. सासरा बैलगाडी घेऊन त्याच रस्त्यानं उसाच्या खेपा टाकतो, मान सरळ ठेवून. पण एकदा कोपीच्या दारात फडक्यात बांधलेल्या सोललेल्या कांड्या मिळाल्या, बोटाएवढ्या. दाजींचं पत्र आलं की रजा मिळत नाही, तुम्ही ठरवाल ते खरं. कुणी ठरवायचं ते लिहिलेलं नाही. पट्टा पडला, हंगाम संपला की तोडणारे जातील, कोप्या मोडतील. भोंगा राहील, छप्पर राहणार नाही. बाईंच्या वर्गातली जागा भरली. जूनचा अर्ज मी आत्ताच लिहून ठेवलाय.

आणि आश्वासन मोडलं. समिती परत बसली. परवा म्हणाले, पत्रक लिही. पंधरा दिवसांनी संप, सुरुवात मागल्यासारखीच. मी भोंग्याचं काढलं, तर नवी पोरं म्हणाली की गेल्या खेपेला तेच तर लागू पडलं. फिटर एकटा गप्प होता.

मी कोपीवर गेलो. आक्का मोळ्या बांधायचे आळे वळत बसली होती.

"परत हाय," मी म्हणालो.

"भोंग्यासकट?"

"मी विरोध करणार आहे."

"हात वर करून?"

मी विचारलं, "आधी सांगितलं तर किती दिवस आधी सांगायला पाहिजे? तू तिला दुसऱ्या कशावर आणशील. घंटा, थाळी, काहीतरी."

तिनं हिशेब केला, बोटांवर. "आठ म्हयनं," म्हणाली. "एका कामाला."

चेष्टा नव्हती. आळे बाजूला ठेवून उठली, कोपीतून पितळी परात आणि एक लाटणं काढलं. पाच वाजत आले होते. भोंगा झाला. त्याच्या पाठोपाठ, तो विरायच्या आत, आक्कानं परातीवर लाटणं मारलं. एकदा. भाची न्हाणीच्या दगडाकडं निघाली होती, तिथंच थांबली, कान दाबले आणि गावं म्हणायला लागली, भरभर. आंघोळीला गेली नाही. रात्री आठच्या भोंग्याला आक्कानं परत परात वाजवली, आणि ती जेवली नाही.

"उद्या हळू मारते," आक्का म्हणाली.

पंधरातला तो पहिला दिवस होता. समितीला लिहून द्यायचं पत्रक मी अजून लिहिलेलं नाही. खिळे जुळवायला बसतो, आणि पहिल्या ओळीत कुणाकडं काय मागायचं तेच कळत नाही.